“तुझ्या भावाचं झालं, म्हणून मी फोन बघायचा नाही?”

पत्र

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला एका गाडीने उडवलं. तो रस्त्याच्या कडेने चालत होता. गाडी चालवणारा मुलगा बावीस वर्षांचा. प्यायलेला नव्हता, वेगही फार नव्हता, मेसेज वाचत होता एवढंच. भाऊ अकरा दिवस बेशुद्ध होता, मग शुद्धीवर आला. जो भेटायचा तो म्हणायचा, नशीब बलवत्तर, वाचला.

आज तो चालतो, बोलतो, आपल्या हाताने जेवतो. लांबून कोणाला काही कळत नाही. पण एकेकाळी लोकांचे हिशेब तपासणारा हा मुलगा आता दात घासले की नाही हे ब्रश ओला आहे का ते चाचपून ठरवतो. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात दाबून बसतो. कधी आवाज न चढवणारा, तो आईच्या अंगावर ओरडतो आणि अर्ध्या तासाने “मी ओरडलो का गं?” असं मलाच विचारून रडतो. सकाळी बरा असतो. आठवड्यातून दोनदा दुपारी थेरपी असते, तिथून आला की त्या दिवसापुरता संपतो.

माझा नवरा माणूस म्हणून चांगला आहे. त्या अकराही रात्री तो हॉस्पिटलच्या बाकावर झोपला. पण गाडी चालवताना त्याच्या हातून फोन सुटत नाही. पार्टी असली की “दोनच घेतलेत” म्हणून किल्ली स्वतःकडेच ठेवतो. मी काही म्हटलं की, “तुझ्या भावाचं झालं, म्हणून मी काय जन्मभर फोन बघायचा नाही?” गेल्या महिन्यात नऊ वर्षांची मुलगी मागे बसलेली असताना तो टाइप करत होता. गाडी पट्ट्याबाहेर गेली, ट्रकने कर्कश हॉर्न दिला, मी किंचाळले. तो माझ्यावरच चिडला, म्हणाला तुझ्या ओरडण्याने अपघात होईल. सासूबाई म्हणतात, हिलाच कोणालातरी दाखवा. मी त्याला भावाचे जुने फोटो पाठवते, अपघातांचे व्हिडिओ पाठवते, आकडे पाठवते. काही उपयोग नाही.

आता तो म्हणतोय की आई दमली आहे, तर भावाला थेरपीला मीच सोडत जाईन. मी काहीतरी कारणं सांगून टाळते आहे. माझं खरंच अति होतंय का? आणि याला समजावू तरी कसं?

उत्तर

ताई, अति होत नाहीये. तो हॉर्न तुमच्या मनात वाजला नव्हता आणि गाडीही तुमच्या कल्पनेत पट्ट्याबाहेर गेली नव्हती.

सासूबाईंच्या म्हणण्यातलं अर्धं मात्र घ्या. रस्ता मोकळा असताना, त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतानाही तुमची छाती धडधडत असेल, रात्री तेच दिसत असेल, तर त्यावर उपचार असतात आणि ते जरूर घ्यावेत. पण तुमची भीती बरी झाल्याने त्याचं गाडी चालवणं सुधारणार नाही. एक दुखणं तुमचं, एक त्याचं. घरात दोन्हींची एकत्र मोट बांधली गेली आहे आणि त्यात त्याची मोठी सोय झाली आहे. तुम्ही ‘घाबरट’ ठरलात की त्याला काही बदलावं लागत नाही.

नवऱ्याकडे येण्याआधी भावाबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात बारकाईने लिहिलेली वाक्यं त्याच्याबद्दल आहेत आणि त्याच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

डोक्याला जबर धक्का बसतो तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू तिच्याबरोबर लगेच थांबत नाही. तो पुढेमागे आपटतो, पिळला जातो आणि त्याच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा इतकी सूक्ष्म असते की सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून रिपोर्ट बरा येतो आणि घरातला माणूस बरा नसतो. कपाळामागचा भाग या धक्क्यात बऱ्याचदा सापडतो, कारण कवटीच्या तळाचं हाड तिथे खडबडीत असतं. आणि रागाला आवर घालणं, कामाचा क्रम लावणं, सुरू केलेलं काम पुरं झालं का हे पाहणं, ही कामं करतो तो हाच भाग. भाऊ आईवर ओरडतो तेव्हा त्याचा स्वभाव बदलला असं सगळ्यांना वाटतं. खरं तर स्वभावाला धरून ठेवणारा ब्रेक निकामी झालाय. त्याचा स्वभाव म्हणजे अर्ध्या तासाने तुम्हाला प्रश्न विचारून रडतो, तो.

ब्रशचंही तसंच. दात कसे घासायचे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण दोन मिनिटांपूर्वी घासले ही नोंद टिकत नाही. मग तो ब्रश चाचपतो, ओला लागला तर घासले असणार असं ठरवतो. हिशेब तपासणाऱ्या माणसानेच शोधावा असा पुरावा आहे तो. तुम्हाला यात त्याचं हरवलेपण दिसतं. मला वाटतं, तुमचा जुना भाऊ नेमका तिथे शिल्लक आहे. आरशाशेजारी एक तक्ता लावा, घासून झाले की त्याने त्याच्या पेनने खूण करायची. नोंदवहीची सवय त्याला आधीपासूनची आहे.

मिक्सरचा आवाज सहन न होणं, दुपारनंतर संपून जाणं, यालाही कारण आहे. आपला मेंदू नको ते आवाज आपोआप मागे सारतो. त्याला प्रत्येक आवाज सारख्याच जोराने ऐकू येतो आणि जे तुम्ही-मी न कळत करतो ते त्याला ठरवून, कष्टाने करावं लागतं. त्यामुळे दिवसाची शिदोरी लवकर संपते. हा आळस नव्हे, हे आईला कोणी थेरपिस्टने समोर बसवून सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर ती ‘हो गं’ म्हणेल आणि रात्री पुन्हा स्वतःलाच दोष देईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. आणि जे जखमी होऊन वाचले त्यांचा अंदाज? वर्षाला २ ते ५ कोटी. केवढा सैल आकडा आहे बघा, मधली ३ कोटी माणसं धरली काय नि सोडली काय! तुमचा भाऊ त्या सैल आकड्यात कुठेतरी आहे. आई तर कुठेच नाही. तिची झोप, तिची पाठ, तिचं बंद झालेलं येणंजाणं, तुमची माहेरी जातानाची पोटातली कालवाकालव, यांचा रकानाच नसतो. बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना पॉलिन बॉस या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात अशा दुःखाची मांडणी केली. माणूस गेला म्हणावं तर गेलेला नाही, आहे म्हणावं तर पहिल्यासारखा नाही, त्यामुळे शोक सुरूच करता येत नाही, संपणं तर दूर. मेंदूला इजा झालेल्यांच्या घरांनाही हेच लागू पडतं. ‘वाचला’ म्हणणाऱ्यांनी तुमचा रडण्याचा हक्कही काढून घेतला. तीन वर्षांनी तुम्ही त्या भावासाठी रडलात तर हा भाऊ त्यात कमी होत नाही.

आता नवरा.

तुम्ही त्याला फोटो पाठवता, व्हिडिओ पाठवता, आकडे पाठवता. या सगळ्याचा अर्थ एकच निघतो: सांभाळ, नाहीतर तुझंही असं होईल. म्हणजे तुम्ही त्याला तुमच्या भावाच्या जागी उभं करता. आणि त्याला ते पटत नाही, कारण तो तिथे नाहीच. तो लोखंडी गाडीच्या आत आहे, पट्टा लावलेला, समोर एअरबॅग. तो त्या बावीस वर्षांच्या मुलाच्या जागी आहे.

तुमचं पत्र पुन्हा वाचा. त्या मुलाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते त्याच्या बाजूने लिहिल्यासारखं आहे. प्यायलेला नव्हता, वेग फार नव्हता, मेसेज वाचत होता ‘एवढंच’. तुम्ही त्याला राक्षस केलेलं नाही, हा तुमचा मोठेपणा. तो राक्षस नव्हताही. त्याच्या घरातलं कोणी आजारी पडलं असतं तर तोही हॉस्पिटलच्या बाकावर झोपला असता. तुमच्या नवऱ्यात आणि त्याच्यात फरक इतकाच, की मेसेज वाचण्याच्या त्याच्या चार सेकंदांत समोर तुमचा भाऊ होता. नवऱ्याच्या चार सेकंदांत समोर एक सावध ट्रकचालक होता.

हे वाक्य तुम्ही आजवर नवऱ्याला बोलला नाहीत, आणि का ते मला समजतं. ते बोलायचं तर ज्याच्याबरोबर संसार करता त्याला आणि ज्याने घर उद्ध्वस्त केलं त्याला एका रांगेत बसवावं लागतं. त्यापेक्षा व्हिडिओ पाठवणं सोपं. पण तुमच्या घरात फक्त हेच वाक्य उरलंय जे त्याने अजून ऐकलेलं नाही.

अशा मुलांचं पुढे काय होतं हे फारसं कोणी विचारत नाही. पोलीस, कोर्ट, परवाना, हे दिसतं. त्यानंतर पुष्कळांना तो आवाज ऐकू येत राहतो, तो रस्ता टाळला जातो, आपल्या हातून झालं तर आपण रडायचं कोणत्या तोंडाने, असं वाटून कोणाशी बोलता येत नाही. त्यांच्या दुःखाची तुमच्या भावाच्या दुःखाशी बरोबरी मी करत नाहीये. पण नवऱ्याला स्वतःच्या मरणाची भीती दाखवून झाली, तिचा परिणाम होत नाही. कोणाच्या तरी भावाला आपण असं करून ठेवू आणि तरीही सकाळी उठून दाढी करायला आरशासमोर उभं राहावं लागेल, ही भीती वेगळी आहे. चांगल्या माणसाला ही लागते. आणि तुम्ही म्हणता तो चांगला आहे.

त्याला आपलं काही चुकतं असं का वाटत नाही, हेही बघून ठेवा, म्हणजे वाद घालताना चिडचिड कमी होईल. गेल्या कित्येक वर्षांत त्याने गाडीत असंख्य वेळा फोन बघितला आणि काही झालं नाही. दर वेळी काही न झाल्याचा अर्थ मन ‘मला जमतं’ असा लावतं. प्रत्यक्षात त्याच्या वाटचे डोळे दुसऱ्यांनी उघडे ठेवलेले असतात. कोणी हॉर्न देतो, कोणी ब्रेक मारतो, कोणी चालणारा दोन पावलं मागे सरतो, आणि यातल्या बहुतेकांचा याला पत्ताही नसतो, कारण तो खाली बघत असतो. त्या ट्रकवाल्याला तुमच्या घरात बहुधा शिवी पडली असेल. मुलगी आज शाळेत जाते आहे त्यात त्याचा वाटा आहे.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. ‘ओके’ टाइप करायला चार सेकंद धरा, ६६ मीटर झाले. ते ६६ मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. मान वर केल्यावर दिसणं, उमगणं, पाय ब्रेकवर जाणं, यासाठी लागणारा वेळ आणि गाडी थांबायला लागणारं अंतर यानंतर सुरू होतं.

तुम्ही हे बोललात की तो म्हणणार, बरं, टाइप करत नाही, ब्लूटूथवर बोलतो. याची तयारी ठेवा. १९९७ साली टोरांटोत अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या गेल्या. फोनवर बोलताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणारं यंत्र वापरणाऱ्यांना त्याचा फायदा झाल्याचं दिसलं नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, पण मन कुठल्यातरी मीटिंगमध्ये. मन नसलं की डोळे बघतात आणि दिसत नाही. १९९९ मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: व्हिडिओत चेंडूचे पास मोजा असं सांगितलं, मधूनच गोरिलाचा वेश केलेला माणूस छाती बडवून चालत गेला, आणि पास मोजणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो दिसलाच नाही. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस तर छातीही बडवत नाही. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की आवाजी सूचना देऊन झाल्यावरही मन रस्त्यावर पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागू शकतात. म्हणजे सिग्नलला थांबलो तेवढ्यात एक बघितला, यालाही फारसा अर्थ नाही. हिरवा दिवा लागतो तेव्हा माणूस अजून मेसेजमध्येच असतो.

“मग शेजारी बसून तू बोलतेस ते चालतं?” हाही प्रश्न येईल. चालतं, कारण तुम्हालाही रस्ता दिसतो. वळण आलं, समोर गर्दी झाली की शेजारचा माणूस आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला काय दिसतंय? तो आपला बोलतच राहतो.

दारूचं थोडक्यात सांगते. “दोनच घेतलेत” हे सांगणारा मेंदू ते दोन घेतलेला असतो. दारू आधी विवेकावर हात टाकते, पाय लटपटणं नंतरचं. त्यामुळे आपण ठीक आहोत ना, हे ठरवायला त्या रात्री सगळ्यात नालायक माणूस म्हणजे पिणारा स्वतः. यकृत आपल्या गतीने काम करतं, कॉफीने, गार पाण्याच्या हबक्याने, खिडकी उघडी टाकून ती गती वाढत नाही. उशिरापर्यंत प्यायल्यावर सकाळीही रक्तात दारू असू शकते. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असता कामा नये, आणि नवशिक्या व तरुण चालकांसाठी २०, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सुचवते. पण धोका ५० च्या रेषेवर सुरू होत नाही, पहिल्या घोटानंतरच चढायला लागतो. यावर घासाघीस करू नका. किल्लीचा निर्णय घरातून निघताना, तो शुद्धीत असताना व्हायला हवा. परत कोण चालवणार किंवा परतायला कोणतं वाहन बोलावणार हे ठरलं नसेल तर आपली गाडी नेऊच नये. पार्टीच्या दारात किल्लीवरून ओढाताण झाली की शंभरातल्या नव्याण्णव बायका हरतात. चारचौघांत अपमान नको म्हणून त्या गाडीत बसतात.

समजावायचं कसं, याचं माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. समजावू नका. त्याला तत्त्वतः पटलंच पाहिजे हा हट्ट सोडा. त्याच्याकडून मान्यता नको, एक कृती हवी: गाडी सुरू करण्याआधी फोन मागच्या सीटवरच्या बॅगेत. मांडीवर नको, खाचेत नको, उलटा करून तर नकोच. रस्ता बघायचा असेल तर निघण्याआधी नॅव्हिगेशन लावून फोन स्टँडवर, ‘ड्रायव्हिंग मोड’ सुरू, आणि मग हात लावायचा नाही. हा मोड बऱ्याच फोनमध्ये असतो, काहींत समोरच्याला आपोआप उत्तरही जातं की मी गाडी चालवतोय.

बोलायचं ते गाडीत नाही. गाडीत फक्त “समोर बघ” एवढंच, आणि शक्य तितक्या सपाट आवाजात. त्याचं एक म्हणणं खरं आहे, किंचाळण्याने चालवणारा दचकतो. घरी, मुलगी झोपल्यावर, दोघंही दमलेले नसताना बोला. फोटो नको, व्हिडिओ नको. काहीसं असं:

“तीन वर्षं मी तुला सांगतेय की तुला काही होईल. मला खरी भीती ती नाही. तू त्या मुलासारखा होशील याची आहे. तोही वाईट नव्हता. गेल्या महिन्यात ट्रकच्या जागी कोणी चालणारा असता, तर आज कोणाची तरी बहीण तुझ्याबद्दल ‘मेसेज वाचत होता’ असं बोलत असती. मला तुझ्याकडून कबुली नको. फोन बॅगेत जायला हवा. तो जाणार नसेल तर मी आणि मुलगी त्या गाडीत बसणार नाही.”

आणि मग गप्प बसा. तो चिडेल, ‘मला खुनी म्हणतेस’ म्हणेल, उठून जाईल. जाऊ द्या. त्या रात्री निकाल लागायला हवा असं काही नाही. शेवटचं वाक्य मात्र खरं करावं लागेल. पुढच्या वेळी फोन हातात दिसला तर गाडी सुरू होण्याआधी उतरा, मुलीला उतरवा, दुसऱ्या वाहनाने जा. भांडण नको, टोमणा नको. उशीर होईल, पाहुण्यांना कारण सांगावं लागेल, सासूबाई तोंड वाकडं करतील. सोसा. तुम्ही एकदा बसलात की इतके दिवस जे बोललात ते पुन्हा कटकटीच्या खात्यात जमा होईल. मुलगी विचारेल, तेव्हा सरळ सांगा की बाबा फोन ठेवत नव्हते म्हणून उतरलो. बाबांविरुद्ध भडकवते, असं तिकडून ऐकायला मिळेल. पण ती मागच्या सीटवरून रोज गाडी चालवायला शिकतेच आहे. काही वर्षांनी ती स्वतः स्टिअरिंगमागे बसेल, आणि त्याही आधी कोणा मैत्रिणीच्या गाडीत बसेल. “फोन ठेव, नाहीतर मी उतरते” हे वाक्य तिने कोणाच्यातरी तोंडून एकदा प्रत्यक्ष ऐकलेलं बरं.

आणखी एक, जरा अवघड. गाडीत असताना त्याला मेसेज येतात ते कोणाचे? ऑफिसचे असतीलच. पण ‘कुठे पोचलास’, ‘येताना हे आण’, ‘फोन का उचलत नाहीस’ हे तुमचे किंवा सासूबाईंचे नसतात ना? एकदा त्याच्या फोनवर दोघांनी मिळून बघा. तुमचं नाव त्यात निघालं तर लाजायचं कारण नाही, पण तेवढं आजपासून बंद करता येईल. तो निघाला की पोचेपर्यंत घरातून कोणीही फोन करायचा नाही. त्याने उचललाच तर “गाडीत आहेस? ठेवते” म्हणून ठेवून द्यायचा, वाक्यही पुरं करायचं नाही. ऑफिसमधल्या साहेबांना त्याने एकदा सांगावं की या वेळात मी चालवत असतो, पोचल्यावर उत्तर देतो. साहेबांना बहुतेक वेळा काही वाटत नाही. आपण लगेच उत्तर दिलं नाही तर काय होईल, ही धास्ती आपलीच असते.

भावाला थेरपीला सोडायचं जे तो म्हणतोय, त्याला कारणं सांगणं थांबवा. तुम्ही खोटी कारणं देता, तो दुखावतो, आणि आई विनाकारण दमते. त्याच्या या तयारीत मला आशा दिसते. तीन वर्षांनीही मेव्हण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस द्यायला निघालेल्या माणसाला झिडकारू नये. खरं कारण सांगा: फोन बॅगेत गेला तर आनंदाने, नाहीतर नाही. भावालाही विचारा, त्याला त्या गाडीत बसायचंय का. त्याच्या वतीने सगळे ठरवतात, आणि रस्त्याची भीती तर त्याला सगळ्यांपेक्षा जास्त असू शकते. पहिले काही वेळा तुम्ही मागे बसा. गाडीत रेडिओ नको, आवाजाचा त्याला त्रास होतो हे तुम्हीच लिहिलंय. वाटेत फोन वाजला आणि नवऱ्याचा हात बॅगेकडे गेला, तर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही असा माझा अंदाज आहे. शेजारी कोण बसलंय हे त्याला दिसेल.

आणि थेरपीची वेळ बदलून मागा. भाऊ सकाळी बरा असतो म्हणता, मग त्याच्याकडे ताकद उरलेली नसते त्या दुपारच्या वेळी सगळ्यात कष्टाचं काम त्याला का करायला लावायचं? सकाळची जागा लगेच मिळाली नाही तर यादीत नाव घालून ठेवा, आणि तोवर थेरपीच्या दिवशी दुपारच्या आधी त्याला अंधाऱ्या खोलीत तासभर पडू द्या. त्या तासात मिक्सर लावायचा नाही.